पाहुणचाराची स्मृति

मोठ्या शहरांतील उंची उपाहारगृहांविषयीं लिहिणें म्हणजे चवींची यादी देणें, असा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. अमक्या ठिकाणचा खेंकडा, तमक्या ठिकाणचें गोड आणि शेवटीं बिलाचा आंकडा, एवढें सांगितलें कीं परीक्षण संपलें! परंतु चव जिभेवर फार वेळ टिकत नाहीं. चांगल्या ग्रंथाप्रमाणें चांगलें उपाहारगृहही मनांत राहतें तें एका निराळ्याच गुणामुळें. तो गुण म्हणजे त्याची स्वतःची स्मृति. आपण कोठें उभे आहों, कोणाला वाढतों आहों आणि हें अन्न मुळांत कोणाचें, हें जें गृह विसरत नाहीं, तेंच आपल्याही स्मरणांत राहण्यास पात्र होय. या कसोटीवर मुंबईंतील तीन स्थळें पाहूं.

पहिलें अर्थातच अपोलो बंदरावरील ताजमहाल. जमशेटजी टाटांनीं उभारलेलें हें हॉटेल १९०३ सालच्या डिसेंबरांत उघडलें. त्याच्या आराखड्यास सीताराम खंडेराव वैद्य या मराठी शिल्पज्ञाचा हात लागला होता. आंतल्या मेजाची रीत मात्र युरोपांतून आलेली होती. पुढें एकविसाव्या शतकांत तेथें मासाहारू मोरिमोतो या जपानी आचाऱ्याच्या नांवाचें ‘वसाबी’ही आलें. यांत निंद्य कांहीं नाहीं. बंदराच्या शहराचें मेज जगाकडे तोंड करून असावें, हें स्वाभाविकच आहे. पण आम्ही ताजमहालास स्मरणीय म्हणतों तें पक्वान्नांमुळें नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं दहशतवादी इमारतींत शिरले, तेव्हां तेथले आचारी आणि वाढपी स्वतः निसटून जाण्याऐवजीं पाहुण्यांपाशीं राहिले, आणि त्यांना वांचवितांना त्यांपैकीं कित्येक प्राणांस मुकले. ‘अतिथि’ हा शब्द व्यापाराच्या तोंडीं फार गुळगुळीत झालेला आहे; त्या रात्रीं त्याला त्याचा जुना अर्थ परत मिळाला.

दुसरें स्थळ लोअर परळच्या कमला मिल्समधील ‘बॉम्बे कॅन्टीन’. तें २०१५ सालीं सुरू झालें. त्याच्या पाकशाळेचे सूत्रधार फ्लॉइड कार्डोझ हे जन्मानें मुंबईकर. न्यूयॉर्कांतील ‘तबला’ या उपाहारगृहाचे मुख्य आचारी म्हणून त्यांनीं कीर्ति मिळविली, आणि २०११ सालीं अमेरिकन दूरचित्रवाणीवरील ‘टॉप शेफ मास्टर्स’ या स्पर्धेच्या अंतिम फेरींत अळंबी घातलेला उपमा वाढून ती स्पर्धा जिंकली. २०२० सालच्या मार्चांत कोरोनाच्या सांथींत त्यांचा अंत झाला.

उपम्याची ही कथा आम्हांस मोलाची वाटते. आपल्या घरीं सकाळच्या घाईंत परतलेला रवा परक्या परीक्षकांपुढें मानानें ठेवतां येतो, हें आपल्याला सातासमुद्रांपलीकडून कळावें, यांत मध्यम वर्गाची जुनी भीडच दिसून येते. पाहुण्यांना बाहेर जेवावयास न्यावयाचें तर घरचें खाणें तेथें नको, असा आपला दंडक. म्हणून असल्या मेजावर ज्वारी आली कीं, ‘एवढे पैसे मोजून हेंच खावयाचें काय?’ असें कुटुंबांतील वडील माणूस विचारतेंच. हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्वारीला भाव चढला म्हणजे तिला प्रतिष्ठा आली, असें होत नाहीं. जेथें पदार्थाचें रूप पालटतें पण स्वभाव राखला जातो, आणि जुनी वस्तु प्रथमच चाखल्यासारखी वाटते, तेथें ती किंमत सार्थ झाली. जेथें केवळ बशी मोठी आणि घांस लहान, तेथें ती फसवणूक.

तिसरें स्थळ म्हणजे महालक्ष्मीला लक्ष्मी वूलन मिलच्या आवारांत २०१६ सालीं निघालेलें ‘मास्क’. येथें पदार्थ पाहुण्यानें निवडावयाचे नसतात. सुमारें दहा लहान पदार्थ पाकशाळेनें ठरविलेल्या क्रमानें पुढें येतात. लडाखांतील सी-बकथॉर्नच्या आंबट फळासारख्या दूरच्या वस्तूंना येथें मान मिळाला, आणि २०२३ सालीं आशियांतील पन्नास उत्तम उपाहारगृहांच्या यादींत या गृहाला सोळावें स्थान लाभलें. ही योजना निश्चित कल्पक आहे. परंतु या पद्धतींत प्रत्येक बशीबरोबर तिचें निरूपणही येतें, आणि कविता वाचण्याआधीं तिच्यावरील टीका ऐकावी लागावी तसें होतें. शिवाय जेथें सगळें मोजून वाढलेलें, तेथें आग्रहाला जागा कोठली? आपल्या पंगतींतला ‘आणखी एक घ्याच’ हा स्वर या मेजावर ऐकूं येत नाहीं.

हीं दोन्हीं गृहें गिरण्यांच्या आवारांत आहेत, हा केवळ योगायोग नव्हे. १९८२ सालच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि त्यांच्या जमिनींवर कचेऱ्या व उपाहारगृहें आलीं. याच गिरणगांवांत कोंकणांतून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार घरगुती खानावळींत जेवीत. त्या चालविणाऱ्या बायकांना १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळांत एकत्र आणलें. कामगारांचा पगार थांबला तरी त्यांना उधारीवर वाढणाऱ्या याच बायका होत. त्यांचें अन्नही विकतचेंच होतें. पण जेवणाऱ्याच्या अडचणीची जाण त्यांत होती.

म्हणून आमचें मत असें कीं, वाचकांनीं या तिन्हीं ठिकाणीं सवडीनें आणि ऐपतीप्रमाणें अवश्य जावें, आणि घरचें अन्न तेथें भेटलें तर संकोच करूं नये. ताजमहालानें पाहुण्याची आठवण प्राण देऊन राखली. नव्या गृहांनीं आपल्या मातींतील धान्याची आणि फळांची आठवण जागविली, हें त्यांचें श्रेय नाकारतां येत नाहीं. मात्र लडाखच्या फळाचें निरूपण जेथें इतक्या प्रेमानें होतें, तेथें त्याच अंगणांत पूर्वी राबलेल्या खानावळवालीचें नांवही घेतलें जावें. तें ज्या दिवशीं घेतलें जाईल, त्या दिवशीं मुंबईचें मेज खऱ्या अर्थानें मुंबईचें होईल.