दफ्तर आणि घर

आमच्या बदलापूरशेजारच्या अंबरनाथी शिवमंदिरात शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा, शिलालेख आहे. शिलाहार राजा मम्वाणीचे नाव त्यात आहे. त्याच्या घरादाराची काळजी दगडावर कोण कोरणार? पेशव्यांचे भाग्य असे, की त्यांचे कागद उरले. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड संपादिले. हे ऋण फिटणारे नव्हे.

तरीही माझी एक तक्रार आहे. मोहिमा आणि राजकारण यांचे खंड निराळे, खासगी जीवनाचे निराळे. अभ्यासकाची सोय झाली खरी, पण माणूस मात्र दुभंगला. नाशिकजवळ गंगापुरी राहणाऱ्या गोपिकाबाईंनी नातू सवाई माधवरावांस दिनचर्येचा आणि कारभाराचा उपदेश लिहून पाठविला. त्यास आजीची माया म्हणावे की राजनीती? मला तर त्या कागदात दोन्ही दिसतात, आणि एकीवाचून दुसरी नीट कळत नाही.

म्हणून या सुटीत वाचनालयातून दोन्ही प्रकारचे खंड आणावेत, आणि खंडांचा क्रम विसरून पत्रे तारीखवार वाचावीत. मोहिमेच्या धामधुमीत घरच्या आजारपणाची चौकशी आली, म्हणजे पेशवा आपल्यासारखाच संसारी वाटू लागतो.