बारामतीकर नाइकांचा वाडा : गढी कीं पेढी ?

बारामतीस कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाइकांचा वाडा आहे. त्यासंबंधीं जें लिहिलें जातें त्याचा सूर बहुधा दोन प्रकारचा असतो. कोणी तट-बुरूज पाहून त्यास भुईकोट म्हणतात. कोणी मोरोपंतांस (१७२९-१७९४) नाइकांचा आश्रय होता म्हणून त्याकडे कवीचें स्थान या भावनेनें पाहतात. दोन्ही दृष्टि यथार्थ आहेत. तथापि ज्या व्यवसायाच्या बळावर हें घराणें पुढें आलें, त्या सावकारीचा विचार दोहोंतही सुटतो. हा दोष लहान नाहीं, असें आम्हांस वाटतें.

बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई ही बाबूजींचे बंधु आबाजी नाईक यांस दिली होती; म्हणजे सावकार व पेशवे यांचा संबंध सोयरिकीपर्यंत पोंचला होता. थोरल्या बाजीरावांच्या मोहिमा कर्जावर चालत आणि त्यांच्या धनकोंत बाबूजी होते. २८ एप्रिल १७४० रोजीं बाजीराव वारले, तेव्हां रघूजी भोसल्यांनीं बाबूजींचें नांव पेशवेपदाकरितां पुढें केलें. शाहू महाराजांनीं २५ जून रोजीं वस्त्रें नानासाहेबांस दिलीं. परंतु सावकाराचें नांव त्या पदापर्यंत जावें, एवढेंच त्याच्या पेढीचें वजन सांगण्यास पुरेसें आहे.

देशावरील सावकारी वाड्याची रचना या दृष्टीनें वाचतां येते. दरवाज्यालगत देवडी, पुढें चौक, चौकाभोंवतीं उंच जोत्याचे सोपे. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण. सोपा किती खणांचा, यावरून त्याचा विस्तार सांगत. सोप्यावर गादी-तक्क्या मांडून सावकार बसे आणि जमाखर्चाच्या वह्या त्याच्या हाताशीं असत. भिंतींतील बळद धान्य व चीजवस्त सांठविण्यास उपयोगी पडे. अशा घराचा तट शत्रूइतकाच चोरासाठींही असतो, हें भुईकोट म्हणणारांनीं लक्षांत घ्यावें.

या वह्यांची सत्ता केवढी होती, हें आजच्या बारामती तालुक्यांतील सुपें गांवानें दाखविलें. १२ मे १८७५ रोजीं, बाजारच्या दिवशीं, तेथील रयत सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेली. मुख्य रोख खतें व चोपड्या यांवर होता. त्या हिसकावून जाळण्यांत आल्या. हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें, सरकारास चौकशी नेमावी लागली आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांकरितां कायदा झाला. ते सावकार बहुतांशीं गुजराती व मारवाडी, नाइकांहून निराळे. परंतु सत्ता कागदांत आहे हें रयतेनें ओळखलें होतें. आम्ही संशोधक मात्र तें अद्याप पुरतें ओळखीत नाहीं. शिवाय वही ही धनकोची साक्ष. ऋणकोची बाजू तींत सहसा येत नाहीं, हेंही वाचतांना विसरूं नये.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. शिक्क्याचें पत्र तेवढें उचलून रोजकीर्द व खतावणी रद्दींत जाऊं देऊं नये. रुमाल फोडून विकूं नये. तो कोणत्या सोप्यांत, कोणत्या कोनाड्यांत मिळाला हें टिपून ठेवावें. बारामती-इंदापुराकडील जुनीं घरें उतरण्यापूर्वीं त्यांचे खण मोजावे. दप्तरावांचून वाडा मुका, आणि वाड्यावांचून दप्तर निराधार.