जपानच्या माध्यमिक शाळांतील बागकाम शिक्षण : एक चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक :

शालेय बागेकडे सामान्यतः निसर्गप्रेमाचे साधन म्हणून पाहिले जाते. जपानमधील माध्यमिक शिक्षणाचा इतिहास तपासता ही दृष्टी अपुरी ठरते. तेथे बागकाम कोणाला, कोणत्या नावाने आणि कोणत्या हेतूने शिकवावे, हे प्रामुख्याने राज्यसंस्थेच्या तत्कालीन गरजांनी ठरविले. प्रस्तुत लेखात या प्रवासाची चिकित्सा केली आहे.

श्रमसंस्कार आणि युद्धकाळ :

१८९९ च्या व्यावसायिक शाळाविषयक अध्यादेशाने कृषिशाळांना स्वतंत्र स्थान दिले. १९०८ मध्ये टोकियो येथे उद्यानविद्येची स्वतंत्र शाळा निघाली. म्हणजेच मातीचे शिक्षण हे सामान्य माध्यमिक शिक्षणापासून वेगळे राखले गेले. १९३१ मध्ये मुलांच्या माध्यमिक शाळांच्या नियमांत बदल होऊन 'साग्योका' म्हणजे 'कार्यविषय' दाखल झाला आणि त्यात बागकाम व हस्तकाम यांचा समावेश झाला. विद्यार्थ्यांत श्रमाविषयी आदर व आवड निर्माण करणे हा त्याचा हेतू होता. हेतू उदात्त असला तरी श्रमाची सवय हेच साध्य मानले की रोप कसे वाढते हा प्रश्न दुय्यम होतो. १९३८ पासून विद्यार्थ्यांची सामूहिक श्रमसेवा सुरू झाली आणि युद्धाच्या अखेरच्या वर्षांत शाळांच्या क्रीडांगणांवर रताळी व भोपळे लावले गेले. केवळ श्रमसंस्कारावर उभा असलेला विषय राज्याच्या कोणत्याही मागणीपुढे किती असहाय असतो, हे यातून दिसून येते.

कुदळ कोणाच्या हाती?

१९४७ मध्ये अनिवार्य झालेल्या निम्न माध्यमिक शाळेत व्यवसाय विषयांतर्गत शेतीला स्थान मिळाले. १९५८ च्या अभ्यासक्रमाने, ज्याची अंमलबजावणी १९६२ पासून झाली, त्याऐवजी 'तंत्र व गृह' हा विषय आणला. त्यात मुलांसाठी आरेखन, लाकूडकाम, धातुकाम, यंत्रे, वीज यांच्या बरोबरीने 'लागवड' हा एक घटक उरला, तर मुलींसाठी स्वयंपाक, शिवणकाम व बालसंगोपन हे घटक होते. भाजी शिजविणे मुलीने शिकावे, पिकविणे नव्हे, अशी ही विभागणी होती. विशेष म्हणजे याच दशकात पुरुष कारखान्यांकडे वळल्याने आजोबा, आजी व आई यांच्यावर पडलेल्या शेतीस जपानी समाजाने 'सान-चान नोग्यो' असे नाव दिले. शेतात स्त्री राबत होती. अभ्यासक्रमाला मात्र ती दिसत नव्हती.

पुनरागमन व मर्यादा :

१९८९ च्या सुधारणेने मुलामुलींचे भिन्न अभ्यासक्रम संपविले, परंतु लागवड वैकल्पिक राहिली. २००८ च्या सुधारणेने 'जीवसंवर्धनाचे तंत्रज्ञान' हा घटक सर्वांसाठी अनिवार्य केला व २०१२ पासून तो अमलात आला. २०१७ च्या अभ्यासक्रमातही तो कायम आहे. तंत्रज्ञानाच्या चौकटीत माती कोरडी होते, असा आक्षेप घेता येईल. तथापि याच चौकटीमुळे प्रकाश, तापमान, पाणी व माती यांचा कार्यकारणभाव अभ्यासाचा विषय झाला आणि श्रमसंस्काराची जागा आकलनाने घेतली, हे मान्य करावे लागते.

खरी अडचण वेळेची आहे. १९५८ च्या अभ्यासक्रमात 'तंत्र व गृह' विषयास तीन वर्षांत ३१५ तासिका होत्या. आज त्या १७५ असून त्यांत गृहविषयासह संगणक व माहिती तंत्रज्ञानही सामावलेले आहे. पीक ऋतूनुसार वाढते, वेळापत्रकानुसार नाही.

निष्कर्ष :

जपानच्या अनुभवावरून असे म्हणता येईल की, शाळेत बाग असणे म्हणजे बागकामाचे शिक्षण असणे नव्हे. ते मुलामुलींना समान मिळावे, त्याचा हेतू ज्ञान हा असावा आणि त्याला पिकाच्या गतीने चालण्याइतका अवकाश मिळावा, या तीन अटींपैकी पहिल्या दोन पूर्ण होण्यास तेथे शतकाहून अधिक काळ लागला. तिसरी अद्याप अपूर्ण आहे.