समेच्या थोडं मागे

वर्ध्यात राहून आशा पुथलींवर लिहायला घेतलं, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारलं, "सेवाग्रामच्या प्रार्थनेवर लिहायचं सोडून हे फंकबिंक कुठून काढलंत?" प्रश्न खवचट होता. पण त्याचं उत्तर शोधताना ध्यानात आलं, की या विषयाची एक वाट आमच्या गावावरूनही जाते.

१९३६च्या फेब्रुवारीत हॉवर्ड थर्मन आणि स्यू बेली थर्मन हे कृष्णवर्णीय अमेरिकी दांपत्य गांधीजींना बारडोलीला भेटलं. गांधीजींनी त्यांना आग्रह करून त्यांची स्पिरिच्युअल्स, म्हणजे गुलामीच्या काळातली भक्तिगीतं, म्हणायला लावली. त्याच वर्षाच्या अखेरीस बेंजामिन मेझ वर्ध्याला आले आणि अहिंसेवर, जातिव्यवस्थेवर बोलून परतले. पुढे ते मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले. मार्टिन ल्यूथर किंग हे त्यांचे विद्यार्थी. मेझ गवई नव्हते, पण कृष्णवर्णीयांच्या ज्या चर्चने त्यांना घडवलं त्याच चर्चच्या गाण्यातून वीसेक वर्षांनी 'सोल' जन्माला आलं. रे चार्ल्सने गॉस्पेलचा ढंग प्रेमगीतांना दिला. अरेथा फ्रँकलिन तर धर्मोपदेशकाचीच मुलगी. तिने ओळ टाकायची आणि समोरच्या मंडळींनी ती झेलायची, हा सोलचा प्राण.

विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चौदा एप्रिलच्या रात्री भीमगीतांच्या मंडपात बसलेल्याला ते ठाऊक असतं. वामनदादा कर्डकांची ओळ गायक उचलतो आणि मंडप ती त्याच्याकडून काढून घेतो. गाणं मग एकट्याचं राहत नाही. सोलचं आपल्याकडचं सख्खं भावंड शोधायचं तर ते इथे सापडेल, मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये नाही, असं माझं मत आहे.

आणि इथेच पुथलींचा पेच सुरू होतो. त्यांच्या मागे ना चर्च, ना मंडप. १९४५ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलीने पं. लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतली आणि कान लावला रेडिओवरच्या जॅझकडे. वेद मेहतांच्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' (१९७०) या पुस्तकात मुंबईतल्या जॅझवर लिहिताना त्यांचा उल्लेख आला. ते वाचून जॉन हॅमंड यांचं लक्ष तिकडे गेलं. हॅमंड म्हणजे बिली हॉलिडे, अरेथा आणि बॉब डिलन यांना हेरणारा माणूस. तोवर पुथली मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्कला पोचल्या होत्या.

हॅमंडमुळे त्या ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन'वर गायल्या. ध्वनिमुद्रण १९७१चं, तबकडी १९७२ची. त्यात त्यांची दोनच गाणी आहेत, पण मला विचाराल तर त्यांच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली तिथे आहे. दोन ड्रमवादक एकाच वेळी वाजवताहेत, चार्ली हेडनचा बास खाली घुमतो आहे, शिंगांचा गलबला आहे, आणि या सगळ्यावर एक बाई लांब, सरळ स्वर धरून उभी आहे. ताल मोजून समेवर यावं अशी सोयच त्या रचनेत नाही. ख्यालाची तालीम झालेल्या गळ्याला इथे तानांची आतषबाजी सुचली असती तर नवल नव्हतं. पुथली ते टाळतात. आलापाच्या धीराने स्वर लावतात, तो किंचित सरकवतात आणि सोडून देतात. 'भारतीय फोडणी' असं ज्याला परदेशी समीक्षक कौतुकाने म्हणतात, तशी ती नव्हे. स्वराकडे जाण्याची ती सवयच तालमीतून आलेली आहे.

याच सवयीने त्या १९७३मध्ये फंककडे वळल्या. आपल्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की फंक हे समेचं संगीत आहे. जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदात पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी मिळून घाव घालायचा असतो. मग मधल्या मात्रांत काय वाटेल ते करा. डेल न्यूमन यांच्या निर्मितीतली 'आशा पुथली' ही तबकडी ऐका. जे. जे. केलचं 'राइट डाउन हिअर' त्यात आहे. ड्रम आणि बास चोख समेवर येतात, आणि आवाज मात्र दर वेळी थोडा मागून, जणू उंबरठ्यावर रेंगाळून आत येतो. शब्द अर्धे श्वासात विरघळलेले. ठुमरी गाणारी जशी मुखड्यावर येता येता ऐकणाऱ्याला अंमळ खोळंबून ठेवते, तसा हा प्रकार आहे. गाण्यांची निवडही पाहण्यासारखी आहे. केल, बिल विदर्स, जॉर्ज हॅरिसन: यांतला एकही ओरडून गाणारा नाही. चर्चच्या हाकाऱ्याची नक्कल करणं हे बाहेरून आलेल्या गायिकेला सर्वांत सोपं होतं, आणि सर्वांत खोटंही. त्या मोहात त्या पडल्या नाहीत, हे मला त्यांच्या आवाजाच्या पल्ल्यापेक्षा मोठं वाटतं.

सगळंच काही या तोलाचं नाही. हॅरिसनच्या 'आय डिग लव्ह'मधलं लाडिक खिदळणं आज ऐकवत नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी डिस्कोची लाट आल्यावरच्या तबकड्यांत तर वाद्यमेळ इतका दाट होतो, की जो आवाज मोकळ्या जागेवर जगत होता त्याला उभं राहायला ठाव उरत नाही. कपडे, दागिने, मुखपृष्ठावरचं रूप यांवर तेव्हा जेवढं लिहिलं गेलं त्याच्या निम्मंही गाण्यावर लिहिलं गेलं असतं, तर ही घसरण वेळीच कुणीतरी दाखवली असती. जॅझवाल्यांना त्या फार पॉप वाटल्या आणि पॉपवाल्यांना फार परक्या. दुकानात तबकडी ठेवायची कोणत्या खणात, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. पुढे मुलाच्या संगोपनासाठी त्या गाण्यापासून बऱ्याच दूर झाल्या.

मधलं एक गाणं मात्र उरलं. डीटर झिमरमान या जर्मन निर्मात्याबरोबर केलेल्या 'द डेव्हिल इज लूज' (१९७६) या तबकडीतलं 'स्पेस टॉक'. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्कुसो आपल्या 'लॉफ्ट'वरच्या नाचाच्या मैफलींत ते वाजवत असे. त्या नाचणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांचा मोठा भरणा होता. १९९७मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या 'लाइफ आफ्टर डेथ'मधल्या एका गाण्यात त्याचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, वापरला गेला. रॅपरचा खून झाल्यानंतर सोळा दिवसांनी ती तबकडी बाजारात आली आणि लाखोंनी खपली. लाखो लोकांनी पुथलींचं गाणं ऐकलं, नाव न कळता. त्यांत माझा भाचाही होता. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहातून सुटीत वर्ध्याला आल्यावर तो ते मोठ्याने लावायचा आणि मी दार लावून घ्यायचे. तो तुकडा मुंबईच्या एका गायिकेच्या गाण्यातला आहे हे मला दहा वर्षांनी कळलं. घराण्यांवर व्याख्यानं देणारी मी. माझ्या कानाची ही गत.

सॅम्पल करणाऱ्यांनी नेमके त्यांचेच तुकडे का उचलले, याचं कारण मला त्या मागे राहणाऱ्या आवाजात दिसतं. समेवर घट्ट बसलेलं गाणं कापून दुसरीकडे लावता येतं, पण त्यावर नवं काही बोलायला जागा सापडत नाही. 'स्पेस टॉक'मध्ये ती जागा मूळचीच आहे. तिथे रॅपर येऊन बोलू लागतो. मघाशी म्हटलं, की त्यांच्या मागे मंडप नव्हता. ओळ झेलणारे त्यांना मिळाले, पण वीस वर्षं उशिरा, आणि तेही तिसऱ्याच माणसाच्या गाण्यात. याला सोल म्हणावं का? माझ्या मते गाताना ते सोल नव्हतं. पुढे ज्यांनी ते वापरलं, त्यांनी त्याला सोलपण दिलं. या मताशी भांडण होऊ शकतं, आणि व्हावं.

भांडणासाठी एक पुरावा मीच देते. २००६च्या उन्हाळ्यात सेंट्रल पार्कमधल्या समरस्टेजवर पुथली पुन्हा गायल्या. सोबत सॅक्सोफोनला ड्यूई रेडमन होते, 'सायन्स फिक्शन'मध्ये पस्तीस वर्षांपूर्वी वाजवलेले तेच. समोर उघड्या मैदानात माणसं होती. त्याच वर्षी सप्टेंबरात रेडमन गेले.