तारीख विचारू नका, इयत्ता विचारा

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत आठवणी टिपायला जाताना आपण जी वीस प्रश्नांची यादी नेतो, ती मी परवा पुन्हा वाचली. यादी करण्यात माझाही हात होता, तेव्हा ही टीका माझ्यावरही आहे.

वीसपैकी चौदा प्रश्न पाठांतराचे आहेत. सक्तीचं शिक्षण कधी सुरू झालं? सयाजीराव महाराज कधी वारले? संस्थान मुंबई राज्यात कधी विलीन झालं? उत्तरं छापील आहेत: १८९३ साली अमरेली भागात, १९०६ साली संस्थानभर, ६ फेब्रुवारी १९३९, १ मे १९४९. एवढ्यासाठी नव्वदीकडे झुकलेल्या माणसाचं दार कशाला वाजवायचं? हे आपण घरून वाचून जायला हवं.

शिवाय नुकसान नुसतं वेळेचं नाही. एका आजींना मी विलीनीकरणाची तारीख विचारली. त्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "मला नाही रे आठवत, तूच सांग." पुढच्या पाच प्रश्नांनाही तेच. परीक्षेत नापास झाल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. मी रेकॉर्डर बंद केला. मग चहा घेताना सहज म्हणाल्या, "आमचे दादा खानगी खात्यात कारकून. राज्य जाणार म्हटल्यावर आई रोज विचारायची, आता पगार कोण देणार? मी पाचवीत होते तेव्हा."

हे कुठल्या गॅझेटात सापडणार? आणि माझ्याकडेही ते त्यांच्या आवाजात नाही. पुन्हा गेलो तेव्हा आजी नव्हत्या.

यादीची बाजूही मांडतो. माहीत असलेल्या मापाशी ताडून पाहिल्याशिवाय यंत्रावर भरवसा ठेवायचा नाही, ही माझी इंजिनिअरची सवय. आठवणही ताडून बघावीच लागते. पण माणसाला साल आठवत नाही. इयत्ता आठवते, बहिणीचं लग्न आठवतं, बदललेलं घर आठवतं. "तेव्हा तुम्ही कितवीत होता?" एवढं विचारलं, की जन्मसालावरून बाकी हिशेब आपण करू शकतो. आजींचा हिशेब बरोबर १९४९च्या आसपास येतो. म्हणजे तारखेत नापास झालेल्या आजी कालक्रमात पास होत्या. चूक प्रश्नाची होती.

म्हणून सुचवतो: चौदाचे चार करा आणि तेही शेवटी ठेवा. सुरुवात "त्या दिवसांत घरात काय बोलणं चालायचं?" इथून करा. आणि रेकॉर्डर चहा होईपर्यंत चालू राहू द्या, अर्थात त्यांना विचारूनच.