सत्तावीस की वीस सात? एका वादाची उजळणी

जून २०१९ मधली गोष्ट. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. नाहूर स्टेशनच्या फलाटावर आम्ही तिघे शिक्षक ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहत होतो. बाकावरचे एक गृहस्थ वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "काय मास्तर, आता सत्तावीस म्हणायचं नाही म्हणे! वीस सात म्हणायचं!" गाडी येईपर्यंत फलाटावर दोन तट पडले. एकाच्या मते मराठी बुडाली, दुसऱ्याच्या मते मुले सुटली. मुलुंड आले तसे गृहस्थ उतरून गेले आणि वाद तसाच राहिला.

तो वाद तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात रंगला होता. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले होते. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या; 'गणितगप्पा' लिहून गणिताची भीती घालवू पाहणाऱ्या. संख्यानामांतली जोडाक्षरे आणि अंकांचा उलटा क्रम मुलांना अवघड जातो, हे त्यांचे म्हणणे होते. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती, दोन्ही पद्धती दिल्या होत्या. तरी प्रकरण विधानसभेत गेले आणि आडनावांवरून कोट्याही झाल्या. २०२३ साली नारळीकरबाई गेल्या. आज शांतपणे त्या वादाकडे पाहिले, तर तो विज्ञानाच्या दृष्टीने कसा झाला हे तपासता येते.

आधी मूळ अडचण पाहू. २७ लिहिताना आपण आधी दोन लिहितो, मग सात. बोलताना मात्र आधी सात येतो, मग वीस. माझ्या शेजारची दुसरीतली मुलगी 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहीत असे. 'एकोणसाठ' सांगितले की ६१ लिही. तिला 'एक' ऐकू आला, 'साठ' ऐकू आले. तिने ते प्रामाणिकपणे लिहिले. साठातून एक वजा करायचा, हे त्या शब्दात दडलेले आहे. बरे, हा नियमही शेवटपर्यंत टिकत नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा तो चालतो आणि ९९ ला आपण एकोणशंभर न म्हणता नव्व्याण्णव म्हणतो. 'दोन' हा शब्द तर बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, ब्याण्णव यांत कुठेच सापडत नाही. म्हणजे शंभरपर्यंतची बहुतेक नावे सुटी सुटी पाठ करावी लागतात.

आता त्या वादातले युक्तिवाद घेऊ. सर्वांत जास्त ऐकू आलेला होता, "आम्ही नाही का शिकलो?" हे पुरावा म्हणून लंगडे आहे. जे शिकले तेच हे बोलत होते. ७२ लिहून मार खाल्लेला आणि 'आपल्याला गणित येत नाही' असे ठरवून चौथीत शाळा सोडलेला मुलगा या चर्चेत कुठून येणार?

दुसरा युक्तिवाद भाषेचा. सत्तावीस, त्रेपन्न ही नावे भाषेचे धन आहेत हे खरेच. पण तेच गृहस्थ आपला फोन नंबर 'नाइन एट टू' असा सांगतात आणि त्यांची नातवंडे 'ट्वेंटी सेव्हन' म्हणतात. दशक आधी बोलण्याची पद्धत इंग्रजीच्या वाटेने घरात आलीच आहे. ती मराठीतून आली तेवढाच आक्षेप, हे थोडे नवलाचे वाटते.

समर्थकांचीही बाजू तपासली पाहिजे. कानडी, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधी बोलतात, हे खरे. पण तेवढ्यावरून तिथल्या मुलांना गणित सोपे जाते, असे म्हणता येत नाही. शाळा, शिक्षक, घर, सगळेच वेगळे असते. तुलना करायची तर बाकीचे सारे सारखे ठेवून फक्त संख्यांची नावे बदलायला हवीत.

अशी तुलना झालेली आहे. चेक भाषेत दोन्ही पद्धती रूढ आहेत. 'वीस सात'ही आणि 'सात-आणि-वीस'ही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच मुलांना दोन्ही पद्धतींनी संख्या सांगून लिहायला लावल्या. एकक आधी ऐकल्यावर अंक उलटे लिहिण्याच्या चुका ठळकपणे जास्त झाल्या. नॉर्वेत तर तेथील संसदेच्या निर्णयाने १९५१ पासून शाळांत आणि सरकारी कामकाजात दशक आधी बोलणे सुरू झाले. त्या मागणीत पुढाकार टेलिफोन खात्याचा होता, कारण नंबर ऐकताना गोंधळ होई. तरी जुनी पद्धत लोकांच्या बोलण्यात पुढेही राहिली. भाषा बुडाली नाही आणि हुकुमाने एका दिवसात बदललीही नाही.

खरे तर या वादात तीन प्रश्न होते. नावांमुळे मुले चुकतात का? दशक आधी म्हटल्याने चुका कमी होतात का? आणि होत असतील, तर व्यवहारात कोणते नाव ठेवावे? पहिले दोन तपासून ठरवायचे, तिसरा सर्वांनी मिळून ठरवायचा. आपण पहिले दोन न सोडवताच तिसऱ्यावर भांडलो, हा त्या वादाचा मोठा दोष.

माझे मत विचाराल तर 'वीस सात' हा पूल आहे. २७ म्हणजे २० आणि ७, हा अर्थ तो उघड करतो. नाहूरच्या भाजीवाल्याकडे मात्र मुलाला सत्तावीस रुपयेच द्यायचे आहेत. तेव्हा पूल ओलांडून त्याला तिथे पोचवलेच पाहिजे. नवी पद्धत कशासाठी आणि कुठपर्यंत, हे पालकांना आधी नीट सांगितले गेले असते, तर निम्मा गदारोळ टळला असता.

पहिल्या दोन प्रश्नांसाठी आपला वर्ग पुरेसा आहे. दहा संख्या निवडा. ३३, ५५ घेऊ नका. त्यांत उलटापालट दिसणारच नाही. दोन-तीन संख्या नऊ एकक असलेल्या घ्या. अर्ध्या वर्गाला आधी जुन्या नावांनी सांगा, अर्ध्याला नव्या. पुढच्या आठवड्यात अदलाबदल करा, म्हणजे सरावाचा परिणाम पद्धतीच्या नावावर जमा होणार नाही. मग चुका मोजण्याआधी त्यांचे ढीग करा: अंक उलटलेले, दशक चुकलेले, इतर.

हे केल्यावर वहीतल्या ७२ वर लाल फुली मारताना हात जरा थांबेल. मुलाने ऐकले ते बरोबरच होते, हे एकदा कळले की त्याला 'कच्चा' म्हणणे जड जाते. फलाटावरच्या वादातून तेवढे हाती लागले, तरी पुष्कळ झाले.