हूवर घराण्याची गायकी

गाण्यावर लिहिणाऱ्याला गाता आलंच पाहिजे, असा आपल्याकडे नियम नाही. तो असता तर निम्मी समीक्षा केव्हाच बंद पडली असती. याच थोर परंपरेच्या आधाराने मी आज व्हॅक्यूम क्लीनर या वाद्याबद्दल चार शब्द लिहिणार आहे. वाद्य म्हणतोय ते चुकून नव्हे.

झालं असं, की गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता चिरंजिवांकडे अमेरिकेत, ओहायोला गेलो होतो. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत आणि रस्त्यावर औषधाला माणूस नाही. अशात शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी ‘माझा संग्रह बघायला या’ म्हटलं. टपालाची तिकिटं असतील, फार तर बंदुका असतील, असं समजून आम्ही त्यांच्या तळघराच्या पायऱ्या उतरलो. पाहतो तर व्हॅक्यूम क्लीनर! एक-दोन नव्हेत, त्रेचाळीस. उभे, आडवे, गोल, बुटके, कपाळावर दिवा असलेले. लग्नात फोटोसाठी ओळीनं उभे केलेले नातेवाईकच जणू.

“यातले चालतात का काही?” मी सहज विचारलं. बुजुर्ग गवयाला ‘आवाज राहिलाय का अजून?’ म्हणून विचारल्यावर त्याचा चेहरा जसा होईल, तसा त्यांचा झाला. पुढचे दोन तास मैफल चालली.

पहिला मान अर्थातच हूवर घराण्याचा, कारण ते तिथलंच. जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक दमेकरी माणूस ओहायोतल्याच कँटन गावी एका मोठ्या दुकानात झाडलोट करायचा. गालिचे झाडून धूळ उडे आणि त्याचा दमा उसळे. १९०७ साली त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र केलं. १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि ते हक्क हूवर नावाच्या चामड्याच्या कारखानदारानं घेतले. पुढे विलायतेत ‘हूवर’ हे क्रियापदच झालं. स्पँगलरचं क्रियापद काही झालं नाही. शोध लावणारा आणि नाव होणारा यांची गाठ नेहमीच पडते असं नाही.

या घराण्याचं वैशिष्ट्य म्हणजे लय. आत एक फिरता रूळ असतो. तो गालिच्याला नुसता झाडत नाही, खालून टपटप ठोकतो, म्हणून आवाजात ठेका येतो. खर्जातला सूर आणि खाली बारीक तबला. उलट स्वीडनचं इलेक्ट्रोलक्स घराणं. त्यांचं १९२१ चं यंत्र आडवं, घसरगाडीसारखं दोन पट्ट्यांवर सरकणारं. त्यात ठोकाठोक नाही, सगळी सलग आलापी. तंबोरा लावून ठेवल्यासारखं तासभर ऐकावं. हूवरचंच एक चेंडूसारखं गोल यंत्र होतं, १९५० च्या दशकातलं. मागून सुटणाऱ्या हवेवरच ते जमिनीपासून किंचित अधांतरी तरंगतं. आवाज म्हणाल तर सामान्य, पण रंगमंचावरचा वावर असा, की वन्स मोअर मिळावा.

रूपाचंही सांगायला हवं. हूवरचं १९३६ चं मॉडेल हेन्री ड्रेफस यांनी घडवलं. अमेरिकेतल्या घराघरात वाजणारा काळा टेलिफोन ज्यांनी घडवला, तेच हे. बेकेलाइटचं ते झाकण पाहिलं की वाटतं, हे केर काढायला नव्हे, मुंबई-पुणे धावायला केलंय. गृहस्थांनी ते चालू केलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “शनिवार सकाळ.” तापलेलं रबर, जुनी धूळ आणि मोटरचं तेल यांचा एकत्र वास सुटला होता. माणसाला पहाटेच्या जात्याची घरघर आठवावी, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी मान डोलावली. अशा वेळी डोलवावीच लागते.

एवढ्यात आमच्या सौ.नी बेसूर प्रश्न केला. “या पिशव्या रिकाम्या कोण करायचं हो?”

मी भाषांतर केलं. गृहस्थ थोडं थांबून म्हणाले, “आई.” मग त्यांनी कोपऱ्यातलं एक साधंसुधं राखाडी यंत्र दाखवलं. ते मात्र त्यांनी लावलं नाही. ते त्यांच्या आईचं. तिची शेवटची पिशवी अजून आत तशीच आहे. घर विकलं गेलं, त्यातली धूळ तेवढी इथे आहे.

घरी येताना मी म्हटलं, “कसला आवाज होता नाही?” सौ. म्हणाल्या, “मला ती पिशवीच दिसतेय.”

मग मला तो नादच लागला. थोरामोठ्यांनी या यंत्राचं काय केलंय, ते शोधत बसलो. पहिले सापडले माल्कम आर्नल्ड. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या संगीताला ऑस्कर मिळवणारे. त्यांनी १९५६ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाद्यवृंदाबरोबर तीन व्हॅक्यूम क्लीनर, फरशी चमकवायचं एक यंत्र आणि चार बंदुका वाजवल्या. रचना अर्पण केली अमेरिकेचे माजी अध्यक्ष हूवर यांना. त्यांचा या यंत्राशी नावापुरताच संबंध! शेवटी बंदुका झाडून यंत्रांचा आवाज बंद करतात. विनोद म्हणून फर्मास. पण दोन तास तळघरात बसून आलेल्या माणसाला ते साथीदाराला मैफलीतून हाकलल्यासारखं वाटतं.

ग्रॅहॅम ग्रीनच्या ‘अवर मॅन इन हॅवाना’मधला (१९५८) नायक व्हॅक्यूम क्लीनरचा विक्रेता. त्याच्या भागांची चित्रं मोठी करून काढतो आणि गुप्त शस्त्रं म्हणून लंडनला पाठवतो. फार बहारदार कादंबरी. पण केर? एक चिमूटही निघत नाही.

जेफ कून्स यांनी १९८० साली न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियमच्या खिडकीत कोरे करकरीत हूवर मांडले, पारदर्शक पेटीत, ट्यूबलाइटच्या उजेडात. कधीही न लावलेले. हे म्हणजे सतार आणून गवसणी न काढणं, असं मी फटकारून लिहिणार होतो. तेवढ्यात ते कोपऱ्यातलं राखाडी यंत्र आठवलं आणि हात थांबला. तेही लावलेलं नाहीच. पण कून्सची पिशवी रिकामी आहे, हा फरक मोठा.

या सगळ्यांत मला भावले ते आपले पाचगणीचे फ्रेडी मर्क्युरी. सेंट पीटर्समध्ये शिकलेला मुलगा. १९८४ साली ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’च्या चित्रफितीत मिशा तशाच ठेवून, स्कर्ट नेसून, हा गडी व्हॅक्यूम क्लीनर ढकलत येतो. पुरुषानं केर काढणं हाच विनोद, एवढंच त्यात म्हणायचं असेल कदाचित. पण निदान त्यानं दांडा हातात तरी धरला. सौ.ना दाखवलं. त्या म्हणाल्या, “खाली वाकून कॉटखालचं नाही काढलं त्यानं.”

रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ असं पुस्तकच लिहिलं आहे. पूर्वी गालिचे वर्षातून एखाद-दोनदा निघत. ते अंगणात नेऊन झोडपायला घरचे पुरुष, पोरं, गडीमाणसं लागत. यंत्र आलं, तसं हे सगळे मोकळे झाले आणि तेच काम आठवड्याला एकट्या बाईवर आलं. श्रम वाचले खरे, पण ते इतरांचे. हे सौ.ना मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं. त्यांनी “हं” केलं. पुस्तक त्यांना नवीन वाटलं नाही.

आमच्या घरीही एक यंत्र आहे, १९८० च्या दशकातलं. तेव्हा टाय लावलेले तरुण दारोदार येऊन ही यंत्रं विकत. आमच्याकडे आलेल्यानं गादीवर नळी फिरवली आणि पांढऱ्या रुमालावर जमलेली धूळ सासूबाईंसमोर धरली. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरनं खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडानंच हवा ओढली आणि रुमालाला लागलेली धूळ मित्रांना दाखवली, तोच हा प्रयोग. फक्त बूथच्या खुर्चीला सून नव्हती. सासूबाई सौ.कडे बघत राहिल्या आणि मी पैसे मोजले. शहाबादी फरशीच्या दोन खोल्या, गालिचा एकही नाही. पण यंत्र बरीच वर्षं चाललं आणि मग माळ्यावर गेलं.

परत आल्यावर मी ते खाली काढलं. पुसलं, वायर तपासली, खुर्ची ओढून रसिकासारखा बसलो. बटण दाबणार, तोच आतून आवाज आला, “अहो, आधी पिशवी बघा.”

बरोबर होतं. मी यंत्र उलटंपालटं केलं, दांडा ओढला, झाकणावर दोन-तीन चापट्या मारल्या. शेवटी सौ.नाच हाक मारली. खटका उजव्या बाजूला होता.